मानेतली गाठ : घाबरू नये, विसरूही नये

समजा, बारावीतल्या एका विद्यार्थ्याला सकाळी तोंड धुताना मानेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. काल तर नव्हती! घरात कोणी म्हणते, लेप लावा, बसेल. कोणी मनातल्या मनात कर्करोगाचे नाव घेते. यातले खरे काय, हे कसे ठरवायचे?

आपल्या शरीरात सुमारे ८०० लसिकाग्रंथी असतात. त्यांपैकी सुमारे ३०० एकट्या मानेत. घशात, दातात किंवा डोक्याच्या त्वचेत जंतुसंसर्ग झाला, की तिकडून येणारे जंतू या ग्रंथींत अडवले जातात. तेथे पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात आणि ग्रंथी सुजते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तोच हा प्रकार. अशी गाठ दुखते, बोटाखाली सरकते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. तरुण वयातल्या पुष्कळशा गाठी अशाच असतात.

पण सगळ्या नव्हेत. गिळताना वर सरकणारी गाठ थायरॉइडची असू शकते. जन्मापासून मानेत राहून गेलेली एखादी पिशवी सर्दी-पडशानंतर एकाएकी फुगते. दोन आठवड्यांनंतरही न उतरणारी, टणक, खालच्या भागाला चिकटलेली किंवा गळ्याच्या हाडावरच्या खळगीतली गाठ मात्र डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. श्वास घेणे किंवा गिळणे कठीण झाले, तर त्याच दिवशी.

आपल्या देशात अशा वेळी दोन शक्यता प्रामुख्याने तपासाव्या लागतात. एक क्षयरोग, आपल्याकडची जुनी ‘गंडमाळ’ बहुधा हीच. दुसरी लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. त्यातला एक प्रकार थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिला. तो तरुणांतही आढळतो. ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन ही लक्षणे दोन्हींत दिसतात. म्हणून अंदाज चालत नाही. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, क्षयाचे जंतू शोधतात. लिम्फोमाची शंका असेल, तर शक्यतो अख्खी ग्रंथी काढून तपासतात. कारण सुट्या पेशींवरून तिची मूळ रचना कळत नाही.

दोन्ही रोगांवर उपचार आहेत आणि योग्य उपचारांनी बहुसंख्य तरुण रुग्ण बरे होतात. परंतु तपासणीविना क्षयाची औषधे सुरू केली, तर लिम्फोमाच्या रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. तपासणीआधी स्टेरॉइड दिले, तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती उतरते आणि निदान लपते.

शिक्षकाने निदान करू नये, असे आम्हाला वाटते. त्याने एवढेच विचारावे : गाठ किती दिवसांची आहे, आणि तपासणी झाली का?