थेंबाचे काम थेंबाने

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई कोमट तेलाची वाटी घेऊन बसली, की साऱ्या घरात वास दरवळे. वाटीतले तेल तिळाचे असे; वास मात्र दुसऱ्याच तेलाचा, तिने त्यात मोजून टाकलेल्या चार थेंबांचा! तिळाचे तेल कागदावर सांडले तर डाग राहतो. हे दुसरे तेल सांडले तर थोड्याच वेळात ते उडून जाते. म्हणूनच त्याला उडनशील तेल म्हणतात.

ते काढतात वाफेवर. खानदेश-निमाडच्या रानांत रोशा नावाचे गवत होते. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून पाण्याबरोबर मोठ्या भांड्यात उकळायचे, वाफ नळीतून नेऊन थंड करायची. की पाणी खाली राहून तेल वर तरंगते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्थानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. दोहोंतही जिरॅनिऑल हे द्रव्य असल्याने भल्याभल्यांची नाके फसत. युरोपच्या बाजारात त्याचे नाव काय, तर 'तुर्की जिरेनियम'! गवत खानदेशचे आणि नाव तुर्काचे, असा तो मामला.

आपल्या फडताळातली मंडळी मात्र साधी. दाढ ठणकू लागली की लवंगेचे तेल. त्यातल्या युजेनॉलने जागा बधिर होते, आणि दंतवैद्यही दाताच्या तात्पुरत्या भरणात तेच वापरतात. परंतु कापसाच्या बोळ्यावर जेमतेम एक थेंब घ्यावा, नाहीतर हिरडी भाजते. ओव्याच्या वासात थायमॉल, गवती चहाच्या वासात सिट्रल. अंगाला चोळायचे तर चमचाभर खोबरेलात दोन थेंब पुष्कळ झाले. आणि बरणीवरच्या लेबलाचा चिकटा निघत नसेल, तर निलगिरीच्या तेलाचे बोट फिरवून पाहा!

या निलगिरीनेच एकदा आमची झोप उडवली. माझ्या बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा दिवाळीला आला होता. खोकल्याच्या औषधाशेजारीच निलगिरीची बाटली, तशीच तपकिरी. अंधारात आजीने चमचा भरला तो नेमका हिचा! वासाने ती सावध झाली. पण तोवर अर्धा चमचा पोटात गेला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मीठपाणी पाजा, उलटी करवा." सुदैवाने फोनवर डॉक्टरांनी तेच निक्षून मना केले. उलटी होताना हे तेल फुप्फुसात शिरते, असे ते म्हणाले. एवढ्या लहान मुलाला चमचाभर तेलानेही गुंगी आणि झटके येऊ शकतात, कापराचेही तसेच. बाटली हातात घेऊन आम्ही तसेच इस्पितळ गाठले. रात्रभर मूल पेंगत होते, आजी त्याच्या उशाशी बसून होती. पहाटे त्याने डोळे उघडले आणि चकली मागितली.

आता आमच्याकडे ती बाटली कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात असते. किल्ली आजीच्या कमरेला.