मंत्री कोणाचा?



दिल्लींत नवें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें म्हणजे आपल्याकडे घरोघरीं पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, "आपल्या वांट्यास काय आलें?" जुलै २०२१ मध्यें भिवंडीचे तेव्हांचे खासदार श्री. कपिल पाटील हे केंद्रांत पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री झाले व जून २०२४ पर्यंत त्या पदावर होते. कल्याण पश्चिमेचा भाग त्याच मतदारसंघांत मोडतो. तेव्हां कल्याणकरांस त्याचें कौतुक वाटणें साहजिक होतें. परंतु राज्यमंत्री म्हणजे नेमका कोण, असें विचारलें तर चांगलीं शिकलेलीं माणसेंही गोंधळतात. आज त्याचाच थोडा उलगडा करूं.

'राज्यमंत्री' म्हणजे महाराष्ट्र राज्याचा मंत्री नव्हे. ती मंत्रिपदाची एक पायरी आहे, आणि ती मुंबईस आहे तशी दिल्लीसही आहे. सर्वांत वर कॅबिनेट मंत्री. त्याच्या खालीं स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री. याच्यावर दुसरा मंत्री नसतो, आपलें खातें तो स्वतःच पाहतो. तिसरा साधा राज्यमंत्री. तो कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखालीं काम करतो. धोरणाचे मोठे निर्णय कॅबिनेटच्या बैठकींत होतात. तेथें राज्यमंत्री एरवीं बसत नाहीं. बोलावणें आलें तरच जातो. मंत्रिपरिषद हें सारें कुटुंब मानलें, तर कॅबिनेट म्हणजे त्यांतील कर्तीं माणसें होत. मौज अशी कीं, १९५० च्या मूळ घटनेंत 'कॅबिनेट' हा शब्दच नव्हता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें तो ३५२ व्या कलमांत आला.

आतां हें कुटुंब केवढें असावें? १५ ऑगस्ट १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळांत पंडित नेहरूंसह अवघे १४ जण होते. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे कायदा, तर काकासाहेब गाडगीळांकडे बांधकाम, खाणी व वीज हें खातें होतें. ९ जून २०२४ रोजीं शपथ घेणाऱ्यांची संख्या पंतप्रधान धरून ७२ झाली : ३० कॅबिनेट मंत्री, ५ स्वतंत्र कार्यभाराचे आणि ३६ साधे राज्यमंत्री. या वाढीस मर्यादा घालणारी ९१ वी घटनादुरुस्ती २००३ सालीं झाली. तिच्याप्रमाणें लोकसभेच्या सभासदसंख्येच्या शेंकडा १५ हून अधिक मंत्री असूं नयेत. ५४३ सभासदांच्या सभेंत हा आंकडा ८१ होतो. मंत्री दोहोंपैकीं एका सभागृहाचा सभासद असावा लागतो. नसल्यास सहा महिन्यांच्या आंत त्यानें तसें व्हावें लागतें.

परंतु पायऱ्या आणि आंकडे ही या व्यवस्थेची बाहेरची बाजू झाली. तिचें मर्म ७५ व्या कलमांत आहे : मंत्रिपरिषद ही लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. बैठकींत मंत्र्यानें हवें तेवढें भांडावें. पण निर्णय एकदां झाला कीं तो सर्वांचा. 'माझें मत निराळें होतें' असें बाहेर येऊन सांगतां येत नाहीं. निर्णय मनास पटत नसेल तर एकच मार्ग उरतो, तो राजीनाम्याचा.

हा मार्ग आपल्या शेजारच्याच जिल्ह्याच्या एका प्रतिनिधीनें पत्करला होता. श्री. चिंतामणराव देशमुख हे कुलाबा मतदारसंघांतून १९५२ सालीं लोकसभेवर गेले व १९५० पासून देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ सालीं मुंबई केंद्राच्या अंमलाखालीं ठेवण्याचें ठरलें. तें त्यांस मान्य नव्हतें. शिवाय हें ठरवितांना मंत्रिमंडळास रीतसर विचारलें गेलें नाहीं, असाही त्यांचा आक्षेप होता. पद राखून आंतून कुरकुर करीत बसणें त्यांस शक्य होतें. तें न करतां त्यांनीं राजीनामा दिला आणि लोकसभेंत उभे राहून त्याचीं कारणें सांगितलीं. पुढें १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला.

यावरून आपण काय घ्यावें? मंत्री हा जिल्ह्यानें दिल्लीस पाठविलेला वकील नव्हे. ठाणें-डोंबिवलीच्या गाड्यांतील जीवघेण्या गर्दीचा जाब रेल्वेमंत्र्यानें दिला पाहिजे, मग तो कोणत्याही प्रांतांतील असो. कारण रेल्वे हें केंद्राचें खातें आहे. पोलीस राज्याच्या अखत्यारींतले, आणि गल्लींतील नळ महापालिकेचा. शिवाय मंत्री झालेला खासदार सरकारास प्रश्न विचारीत नाहीं. तो स्वतःच सरकार असतो. प्रश्न विचारण्याची मोकळीक मंत्री नसलेल्या खासदारासच असते, आणि आपल्या भागास ती थोडी नव्हे.

म्हणून पुढच्या खेपेस मंत्र्यांची यादी वाचतांना आपलें नांव त्यांत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहूं नये. आपल्या खासदारानें वर्षभरांत लोकसभेंत आपल्याकरितां कोणते प्रश्न विचारले, त्यांस काय उत्तरें मिळालीं, हेंही पाहावें. मंत्रिपद मिळणें न मिळणें आपल्या हातीं नाहीं. ही चौकशी मात्र प्रत्येक मतदाराच्या हातची आहे.