जगात तीनशेच्या पुढे रँकिंग असलेली टेनिसपटू पोट कसं भरते?

30 सप्टेंबर 2023. चीनमधलं हांगझोऊ, एशियन गेम्सची मिश्र दुहेरीची फायनल. भारताकडून रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले. पहिला सेट 2-6 असा गेला, दुसरा 6-3 ने काढला आणि सुपर टायब्रेक 10-4 ने मारून चायनीज तैपेईच्या जोडीला हरवलं. गोल्ड मेडल!

बोपण्णा सगळ्यांना माहीत होता. तो काही दिवसांपूर्वीच यूएस ओपनच्या दुहेरीची फायनल खेळून आला होता. पण ही ऋतुजा कोण, असं अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच गुगल केलं.

तर ऋतुजा आपल्या नाशिक विभागातल्याच श्रीरामपूरची. वडील पोलीस खात्यात. पुढे पुण्यात टेनिस वाढलं, मग अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या टीमकडून खेळली आणि परत येऊन प्रोफेशनल झाली. एकेरीत ती जगातल्या पहिल्या तीनशेत कधी पोहोचली नाही. मेडल मिळाल्यावर तिनेच सांगितलं की वर्षभरापूर्वी टेनिस सोडायचा विचार चालू होता.

देशासाठी खेळणारी पोरगी खेळ सोडायच्या गोष्टी का करते? त्यासाठी टेनिसचा हिशोब बघावा लागतो.

क्रिकेटमध्ये रणजी खेळणाऱ्याला मॅच फी मिळते, प्रवास आणि हॉटेल असोसिएशन बघतं. टेनिसमध्ये प्रत्येक खेळाडू म्हणजे एक छोटं दुकान. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, फिजिओ, सगळं स्वतःच्या खिशातून. कोचला सोबत न्यायचं तर खर्च जवळपास डबल, म्हणून बऱ्याच जणी एकट्याच फिरतात.

आता गल्ल्यात काय येतं ते बघू. सगळ्यात खालची प्रोफेशनल स्पर्धा म्हणजे आयटीएफची डब्ल्यू 15. इथल्या सगळ्या बक्षिसांची बेरीज 15 हजार डॉलर. आठवडाभरात पाच मॅच जिंकून ट्रॉफी उचलली तर एकेरीचे दोन हजार डॉलरच्या थोडे वर मिळतात. पहिल्याच फेरीत हरलात तर साधारण दीडशे डॉलर, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. त्यातून करही कापला जातो. एवढ्यात परदेशातलं आठवड्याचं हॉटेलही निघत नाही. म्हणून या मुली दुहेरीतही नाव टाकतात. तिथला चेक दोघींत वाटला जातो, पण एकेरीत हरल्यावर आठवडा अगदीच फुकट जात नाही.

पॉइंटचं गणित तर आणखी कडक. डब्ल्यू 15 जिंकल्यावर 15 पॉइंट, ग्रँड स्लॅम जिंकल्यावर 2000. आणि मिळालेला पॉइंट 52 आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे मागच्या वर्षी कमावलेलं यंदा पुन्हा कमवायचं. मध्ये घोटा मुरगळला आणि तीन-चार महिने घरी बसलात, की रँकिंग घसरगुंडीवरून खाली.

आयटीएफने 2013 च्या आकड्यांवर अभ्यास केला होता. खर्च आणि कमाईची तोंडमिळवणी कितव्या नंबरवर होते? पुरुषांत 336 आणि महिलांत 253. तेही कोचचा खर्च न धरता!

याच्या वर काय आहे बघा. 2024 च्या विम्बल्डनला मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही 60 हजार पौंड मिळाले. साठ लाखांच्या वर. क्वालिफायिंगला पोहोचलं तरी वर्षाचा बराचसा खर्च निघतो. पण तिथे जायला साधारण पहिल्या अडीचशेच्या आत असावं लागतं. खरी दरी शंभर नंबर आणि तीनशे नंबर यांच्यात आहे. खेळातला फरक मात्र अनेकदा दोन-चार पॉइंटचाच असतो.

मग टिकतात कशा? एक आधार नोकरीचा. अंकिता रैनाला ओएनजीसीत नोकरी मिळाली. दुसरा आधार घरच्यांचा, ज्यावर फार बोललं जात नाही. तिसरा म्हणजे घराजवळच्या स्पर्धा. पुणे, सोलापूर, नागपूर, नवी मुंबई इथे आयटीएफच्या महिला स्पर्धा झाल्या आहेत. विमान नाही, व्हिसा नाही, जमलं तर वाइल्ड कार्ड. सोलापूरचा एक आठवडा म्हणजे परदेशातल्या एका दौऱ्याची बचत. नाशिकसारख्या शहरातून येणाऱ्या मुलीसाठी हा फरक छोटा नाही.

आणि चौथा आधार मेडल. हांगझोऊनंतर राज्य सरकारने सुवर्णविजेत्यांना 1 कोटी रुपये जाहीर केले. डब्ल्यू 15 स्पर्धा जिंकून एवढे पैसे जमवायचे तर पन्नासएक ट्रॉफ्या लागतील. पण एशियन गेम्स चार वर्षांतून एकदा येतात आणि बोपण्णासारखा पार्टनर त्याहून क्वचित.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचंही असंच. 2014 च्या एशियन गेम्समध्ये सानिया मिर्झासोबत ब्राँझ, 2016 ला रिओ ऑलिम्पिक. तिथे पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीने तिसऱ्या सेटमध्ये 7-5 ने हरवलं. त्यानंतरही ती याच छोट्या स्पर्धांत दुहेरी खेळत राहिली.