सामायिक भयविश्व : मुंजापासून समर्थांपर्यंत

पुढील वाक्य वाचा : ‘तिन्हीसांजेला तो पारावरच्या पिंपळाखालून आला आणि रात्री त्याला ताप भरला.’ या वाक्यात भूत कोठेही नाही. तरीही दारव्हा, पुसद किंवा वणी परिसरात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना मुंजा आठवला असेल. मुंज झालेला, पण सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा पिंपळावर वास करतो, हे कथकाने सांगितलेले नाही. ते आपण पुरवले. सांगणारा आणि ऐकणारा यांनी आधीच मान्य केलेल्या अशा माहितीला भाषाविज्ञानात ‘पूर्वगृहीतक’ म्हणतात.

अनेक कथकांनी वापरलेले, परंतु कोणा एकाच्या मालकीचे नसलेले कल्पित जग म्हणजे सामायिक कल्पनाविश्व. अमेरिकेत एच. पी. लव्हक्राफ्ट आणि त्याचे लेखकमित्र यांनी परस्परांची काल्पनिक दैवते व ग्रंथ उसने घेऊन असे जग मुद्दाम रचले. आपल्याकडे ते पारावर आणि पिकाच्या जागलीवर, कोणी ठरवून न रचता, पिढ्यान्‌पिढ्या साकारत गेले. वेताळ हा त्यातील भुतांचा राजा, हडळ ही बाळंतपणात मेलेली स्त्री, गिऱ्हा पाण्यातला, तर चकवा ओळखीच्याच वाटेवर रात्रभर फिरवणारा. प्रत्येकाचे ठिकाण, वेळ आणि मर्यादा ठरलेल्या असतात. ‘झपाटणे’, ‘पछाडणे’, ‘मानगुटीवर बसणे’ हे प्रयोग याच जगातले. ‘कामाने झपाटलेला’ असे म्हणताना आज भूत कोणाच्या मनातही येत नाही.

नियम ठाऊक असल्यामुळे भीती कमी होते, असा आपला समज होऊ शकतो. प्रत्यक्षात उलट घडते. चकवा माहीत असलेल्या श्रोत्याला तेच बाभळीचे झाड दुसऱ्यांदा आले एवढे सांगणे पुरते.

शहरी वाचकापाशी हे सारे गृहीत धरता येत नव्हते. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ते छापील मालिकेत नव्याने उभे केले. त्यांच्या कथांमधून पुन्हा पुन्हा येणारे ‘समर्थ’ अमानवी शक्तींशी सामना करतात. त्यांचे सामर्थ्य दर वेळी नव्याने समजावून द्यावे लागत नाही. मात्र समर्थ आले की सुटका होणार, हेही वाचक जाणतो. म्हणून ‘वाचेल का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे नेमके आहे तरी काय?’ हा पुढे येतो. भयकथा गूढकथेकडे झुकते. माझ्या मते धारपांचे खरे कौशल्य येथे आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेला असे कायमचे तारणहार पात्र लागत नाही. ओळखीचे घरच तेथे परके होते.

एक भेद मात्र काटेकोरपणे पाळावा. कथेत ‘हडळ’ ही भूमिका असते. वस्तीत तोच शब्द एखाद्या एकट्या बाईला चिकटला की पूर्वगृहीतक आरोप बनते. ऐकणारा पुरावा मागत नाही, कारण कथेतही तो मागितला जात नाही. राज्याने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज समजून घेताना हा भाषिक व्यवहारही ध्यानात घ्यावा.

स्वाध्याय : आपल्या गावातील एक भयकथा कथकाच्याच बोलीत लिहून घ्या आणि त्यातील न सांगितलेल्या गोष्टी समासात नोंदवा. घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली असल्यास भुताचे नाव त्याच बोलीत ठेवा. हयात व्यक्तीचे नाव कथेत आल्यास ते वहीत उतरवू नये.