दार कुठे होतं?

मंडळी, गाडीमागे ओढायचं चंदेरी घर म्हटलं, की आपल्याला ‘एअरस्ट्रीम’ आठवते. पण त्या घाटाचा माग काढत गेलो, तर आपण कॅलिफोर्नियात हॉली बोलस यांच्यापाशी पोहोचतो. लिंडबर्गच्या १९२७च्या विमानाची बांधणी यांच्याच देखरेखीखाली झाली. १९३४ साली त्यांनी विमानासारखाच ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून ‘रोड चीफ’ कॅरव्हॅन केला. दार मात्र पुढे, जोडदांडीच्या वर! आत शिरायचं तर दांडी ओलांडा. पुढे धंदा बुडाला. १९३६ साली वॉली बायम यांनी तोच घाट घेऊन ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ काढला आणि दार बाजूला नेलं. म्हणजे सोय बायम यांची, मूळ कल्पना बोलस यांची. नाव एकाचं टिकलं. ऋण आपण दोघांचंही मानायला हवं.