प्रकाशाचा कल आणि स्फटिकाचे उत्तर

तंबोऱ्याची तार छेडली की जाणत्या कानाला षड्जाबरोबर पंचम-गंधारही ऐकू येतात; मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे ते स्वर. स्फटिकावर लेसरचा प्रखर झोत सोडला, तर प्रकाशाचेही असे गुणित ‘स्वर’ निघतात. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकातून ते २०११ साली मिळाले.

प्रकाशाचे विद्युतक्षेत्र ज्या दिशेने हेलकावते, ते त्याचे ध्रुवण. वायूत अणूपासून सुटलेला इलेक्ट्रॉन सरळ झोक्याबरोबर घरी परततो आणि प्रकाश देतो. क्षेत्र गरगर फिरू लागले, की त्याची वाट चुकते व गुणित मावळतात. स्फटिकात मात्र अणू आमराईतल्या झाडांसारखे ओळीने उभे असतात. घर हुकले तरी शेजार भेटतो. शिवाय ओळीने चालणे निराळे, तिरपे चालणे निराळे. म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिक नुसता फिरविला तरी गुणितांचा उजेड कमीअधिक होतो. ग्राफीनमध्ये तर लंबवर्तुळी ध्रुवणाने तो वाढलेलाही २०१७ साली आढळला.

आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.तील गोपाल दीक्षित व त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये गणिताने दाखविले, की उलटसुलट फिरणाऱ्या दोन रंगांच्या प्रकाशाने ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांच्या दोन ऊर्जा-दऱ्यांपैकी हवी ती अधिक भरता येईल, आणि गुणितांवरून ती ओळखताही येईल. स्फटिक न फोडता त्याचे अंतरंग वाचावयाची ही नवी लिपी आपण आता कोठे गिरवू लागलो आहोत.