नांदेड–हैदराबाद : 245 किलोमीटर आणि एक तास

27 एप्रिल 2017 रोजी शिमल्यात पंतप्रधानांनी 'उडान' योजनेतल्या पहिल्या विमानाला झेंडा दाखवला. त्याच समारंभात कडप्पा–हैदराबाद आणि नांदेड–हैदराबाद या सेवाही सुरू झाल्या. सुमारे 500 किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या निम्म्या जागांपुरते अडीच हजार रुपये, असा योजनेचा तेव्हाचा हिशेब. नांदेडहून हैदराबाद तर त्याच्या निम्म्याच अंतरावर. मग इथेही तास कसा लागतो?

हे अंतर मोजायची रीत सोपी आहे. दोन्ही विमानतळांच्या संदर्भबिंदूंचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची रेषा काढायची. ती भरते सुमारे 245 किलोमीटर, म्हणजे 132 सागरी मैल. या मार्गावर सुरुवातीला धावलेले एटीआर 72 हे पंख्याचे विमान ताशी पाचशेच्या आसपास वेग धरते. गणिताने अर्धा तास झाला. पण वेळापत्रकातली वेळ हवेतली नसतेच. चाकांखालचे चोक निघाल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतची ती वेळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर जागेवर येणे, सगळे त्यात धरलेले.

हवेतही पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. हजार फूट उतरायला साधारण तीन सागरी मैल लागतात, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. पंधरा हजार फुटांवरून उतरायचे तर 45 मैल आधीच नाक खाली करावे लागते. म्हणजे वाटेचा तिसरा हिस्सा उतरण्यातच जातो. चढणीलाही वाट लागतेच. जेट आणले तरी एवढ्या पल्ल्यात फार मिनिटे वाचत नाहीत. पळायला मोकळे अंगणच नाही.

मला यात सर्वांत गंमत वाटते ती वाऱ्याची. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान उतरवायचे ते वाऱ्याला तोंड देऊन. नांदेडचे विमान येते वायव्येकडून. वारा पूर्वेचा असेल तर ते थोडे वळून जवळजवळ सरळ धावपट्टीवर येते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. मग विमानतळ ओलांडून पूर्वेला जायचे, वळसा घ्यायचा आणि ज्या दिशेने आलो तिकडेच तोंड करून उतरायचे. नकाशावर अंतर तेच, आषाढात मात्र वाट लांबते.

पण अंतर तरी तेच राहिले आहे का? मार्च 2008 मध्ये हैदराबादची प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला गेली. बेगमपेठ शहराच्या मधोमध, शमशाबाद दक्षिणेला पार बाहेर. नांदेडहून बेगमपेठ हवाई रेषेने सव्वादोनशेच्या थोडे पुढे होते. ते अठरा-वीस किलोमीटरने वाढले. त्याच वर्षी शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. इकडचे दार उघडले आणि तिकडचे दूर सरकले.

विमानाला हे अठरा किलोमीटर म्हणजे दोन-तीन मिनिटे. प्रवाशाला मात्र उतरल्यावर तेच शहर उलट्या दिशेने गाठावे लागते, आणि तेही हैदराबादच्या गर्दीतून. निजामाच्या काळी नांदेडवरून गेलेली मनमाड–सिकंदराबाद रेल्वे आजही माणसाला थेट शहराच्या पोटात नेऊन सोडते.